सत्त्याण्णव टक्के जिवंत केळ

“साधु! साधु! साधु!”

तीनदा गजर झाला आणि सगळ्या नोंग सेंग गावानं केळीपुढे कपाळ टेकलं. हो, केळीपुढेच. आजान खम्पानच्या बागेतल्या एका केळीला शेंड्यातून केळफूल न येता ते खोडाच्या पोटातूनच बाहेर आलं होतं, कुणी आतून हात काढावा तसं. आमच्या लोकांना तेवढं पुरे असतं. खोडाला गुलाबी रेशीम गुंडाळून झालं, झेंडूच्या माळा घालून झाल्या, पायाशी लाल सरबताच्या बाटल्या मांडल्या. बाटल्यांत नळ्यासुद्धा खुपसल्या, नाहीतर देवी पिणार कशी? आणि केळफुलाच्या दांड्यावर, मनगटाला बांधावं तसं, आजाननं घड्याळ बांधलं. तेच ते, हल्ली पावलं मोजतं, झोप मोजतं, नाडी सांगतं, ते.

काचेखाली दिवा लुकलुकला. मग आकडे उमटले. नाडी त्र्याहत्तर. रक्तातला ऑक्सिजन सत्त्याण्णव टक्के.

“रक्त!” एक बाई किंचाळली. “अगं बाई, तिला रक्त आहे!”

“भक्तांनो!” आजाननं ध्वनिक्षेपक तोंडाशी धरला. “नांग तानी देवी तीनशे वर्षं या केळीत झोपली होती. आज ती श्वास घेतेय! हे मी नाही सांगत, यंत्र सांगतंय. यंत्राला काय लाच देता येते? विज्ञानानं आज देवीपुढे हात टेकले!”

केळ एकदा व्याली की कापून टाकतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग देवीनं तीनशे वर्षं काढली कुठल्या केळीत, आणि बिऱ्हाडं बदलली किती? पण कुणी विचारलं नाही. माझ्या शेजारी थोंगदीकाका तळहातावर पेनानं सत्त्याण्णव लिहून घेत होते.

“काका, हे काय?”

“लॉटरीचे शेवटचे दोन आकडे ग, पिकुल. देवी अजून किती स्पष्ट सांगणार? पूर्वी झाडाच्या सालीवर पावडर चोळून चोळून बोटं झिजायची, तेव्हा कुठे आकडा दिसायचा. आता काचेवरच येतो. केवढी सोय!”

मी पिकुल. माझी पपईच्या कोशिंबिरीची गाडी आहे, उखळात लसूण-मिरची ठेचून कच्च्या पपईचा कीस घालून देते. गर्दी जमली की लोकांना भूक लागते, म्हणून गाडी बागेच्या फाटकाशीच लावली होती. माझी जीभ माझ्या कोशिंबिरीपेक्षा तिखट आहे असं गाव म्हणतं. म्हणू दे. हा आजान, म्हणजे लोक ज्याला आता गुरुजी म्हणतात तो खम्पान, पूर्वी जत्रांतून मोबाइलची कव्हरं विकायचा. त्याच्याकडून घेतलेले इअरफोन एकाच कानात वाजायचे. तोच आता देवीच्या हातावर रात्रभर बांधून ‘जागृत’ केलेली घड्याळं दसपट भावानं विकत होता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि गाव ताट घेऊन रांगेत.

नुसती घड्याळं विकून त्याचं पोट भरेना, म्हणून त्यानं इलाज सुरू केले. कुणी दम्याचा, कुणी हृदयाचा, कुणी नुसताच म्हातारा; येईल त्याला आधी ‘शुद्धी’. चांदीच्या वाडग्यात मंतरलेलं पाणी, त्यात बर्फाचे खडे. त्यात हात बुडवून बसायचं, बोटं निळी पडेपर्यंत. मग ओल्या मनगटावर घड्याळ सैलसर अडकवायचं आणि दोन्ही हात डोक्यावर जोडून देवीला हलवून हलवून नमस्कार करायचा. घड्याळ बघावं तर पंच्याऐंशी, शहाऐंशी! लोक हळहळायचे. मग आजान हात पुसायचा, बाम लावून चांगला चोळायचा, घड्याळ घट्ट आवळायचा, वर पांढरा मंतरलेला दोरा गुंडाळायचा आणि सांगायचा, “हात मांडीवर. डोळे मीट. हललास तर देवी रागावेल.” मंत्र संपेपर्यंत आकडा सत्त्याण्णव. साधु, साधु, साधु. दानपेटी खुळखुळायची.

मी आपली लांबून हसत होते. लोकांच्या पैशांचं पाणी होतंय तर होऊ दे, मला काय त्याचं? पण मग ही ब्याद माझ्याच घरात शिरली.

लमयाय माझी सख्खी थोरली बहीण. तिचं उभं आयुष्य भाताच्या गिरणीत गेलं. छातीत कोंड्याची धूळ आणि ओठांत हातानं वळलेली विडी. फुप्फुसं कामातून गेली तेव्हा तालुक्याच्या रुग्णालयानं घरी वापरायला ऑक्सिजनचं यंत्र दिलं, नाकाला नळी लावली आणि ताकीद दिली की विस्तवाच्या जवळपासही फिरकायचं नाही. ऑक्सिजन आणि विस्तव यांचं जमत नाही, आणि धूर तर तिला विषच. तुम्हाला वाटेल, बरंच झालं, चुलीपासून सुटका झाली. पण ताई लग्न होऊन आली तेव्हापासून रोज पहाटे चिकट भात वाफवायची आणि दारावरून जाणाऱ्या भिक्खूंच्या पात्रात स्वतःच्या हातानं घालायची. नळी लागली आणि ते बंद पडलं. पहाटे भिक्खू दारावरून जायचे आणि ही खिडकीआड तोंड लपवून बसायची.

एके दिवशी तिच्या घरी गेले तर यंत्र बंद, चूल पेटलेली आणि ताई धुरात बसून भात वाफवतेय.

“ताई! नळी कुठाय?”

“लागत नाही आता.” तिनं मनगट पुढे केलं. “वाच.”

“सत्त्याण्णव.”

“मग? तुझं किती आहे, बघितलंस कधी?” एवढं बोलताना ती दोनदा थांबली. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसत होते.

“ताई, तुला दम लागलाय.”

“दम नाही ग. जुना आजार बाहेर पडतोय. आजान म्हणाले, थोडे दिवस असं होणारच.”

बघा कसं असतं! बरं वाटलं तर देवीची कृपा, वाईट वाटलं तर आजार बाहेर पडतोय. छापा पडला तरी त्याचा, काटा पडला तरी त्याचाच.

“आणि पौर्णिमेला हे यंत्र मी देवीच्या पायाशी वाहणार आहे,” ती म्हणाली. “आजान म्हणाले, घरात शंका ठेवली की देवी निघून जाते.”

“यंत्र काय आपल्या बापाचं आहे वाहायला? रुग्णालयाचं आहे ते!”

“बापावर जाऊ नकोस. तो तुझाही होता.” ती हसली, हसता हसता तिला खोकला आला आणि बराच वेळ तो थांबला नाही. मी तिची पाठ चोळत राहिले आणि मला भयंकर भीती वाटली. पौर्णिमेला यंत्र गेलं की पाठोपाठ ताईही जाणार, हे मला कळायला डॉक्टर नको होता.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी ती माझ्या गाडीवर येऊन बसली. कोशिंबीर खाताना माशाचं खारं पाणी लागू नये म्हणून तिनं घड्याळ काढलं आणि खाली पडू नये म्हणून टोपलीतल्या एका बारक्या, लांबट पपईच्या मानेला बांधून ठेवलं. मी गप्पांच्या नादात सोलायला नेमकी तीच उचलली. काच उजळली. नाडी अडुसष्ट. ऑक्सिजन शहाण्णव.

“ताई,” मी म्हटलं, “ही पपई तुझ्याहून एकच टक्का मागे आहे ग.”

मला वाटलं, आता हिचे डोळे उघडतील. कसचं काय! तिनं पपई माझ्या हातातून हळूच काढून घेतली. “सोलू नकोस हिला. देवीचा अंश उतरलाय हिच्यात.” आणि ती पपई छातीशी धरून घरी गेली. मी हातात सुरी घेऊन बघतच राहिले.

मग मात्र मी गाडी बंद केली आणि आरोग्य केंद्रात सिरिन डॉक्टरकडे गेले. तिशीतली पोरगी आहे, चष्मेवाली, बोलायला फटकळ. म्हणून माझं तिच्याशी जमतं. पपईची गोष्ट ऐकून ती खो खो हसली.

“मावशी, घड्याळाला काय माहीत माणूस कोण आणि पपई कोण! ते आत उजेड टाकतं आणि परत किती उजेड आला ते बघतं. ऑक्सिजन असलेलं रक्त लाल, नसलेलं काळपट. दोन्हींतून उजेड वेगवेगळा परततो. त्यावरून ते अंदाज बांधतं. चांगलं घड्याळ असेल आणि नीट बांधलं असेल तर अंदाज बरा असतो. पण ही स्वस्तातली घड्याळं काही कळलं नाही तरी आकडा ठोकून देतात. रिकामी काच दिसली तर गिऱ्हाईक घड्याळ परत करेल ना!” मग ती एकदम थांबली. “लमयायमावशींचे ओठ कसे आहेत?”

“जांभळे.”

तिचं हसू पळालं. “आणि घड्याळ सत्त्याण्णव म्हणतंय? अहो, त्यांच्या फुप्फुसांना सत्त्याण्णव कित्येक वर्षांत शिवलेलं नाही! त्या नव्वदीच्या आसपास राहिल्या तरी मी खूश असते. हा आकडा चांगला आहे म्हणूनच खोटा आहे.”

ती तशीच माझ्याबरोबर आली. पण ताईनं दारातूनच हात जोडले. “बाई, तुम्ही सगळे मला आजारी म्हणता. हे एकटं मला बरी म्हणतं. जा तुम्ही.” बोटसुद्धा पुढे केलं नाही.

परत येताना डॉक्टर म्हणाली, “उचलून तर नेता येत नाही. हे घड्याळ त्यांच्या डोळ्यांसमोर खोटं पडल्याशिवाय त्या माझं ऐकणार नाहीत. उद्या किती लोक असतील?”

“सगळं गाव.”

“छान. मावशी, उद्या येताना पपई आणा.”

पौर्णिमेला बागेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मांडवात जेवणाची टेबलं लागली होती. टेबलावर नेहमीसारखे तोंड पुसायचे गुंडाळे, म्हणजे तेच संडासातल्या कागदाचे; आमच्याकडे ते जेवणाच्या टेबलावरच असतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. केळीपुढे ताईचं यंत्र हार घालून ठेवलं होतं. यंत्राला हार! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

आजाननं ताईची शुद्धी केली. बर्फाचं पाणी, सैल पट्टा, हलते हात: शहाऐंशी. मग बाम, आवळलेला पट्टा, दोरा, मंत्र: सत्त्याण्णव. गजर उठला. “बघा!” आजान ओरडला. “डॉक्टर म्हणाले, जन्मभर नळी! देवी म्हणाली, फेक ती नळी!”

“थांबा!” मी पुढे झाले. ताईच्या हातातलं घड्याळ सोडवलं आणि पपईला बांधलं. “हिचा पण इलाज झालाय वाटतं. शहाण्णव!”

आजान एक क्षण गडबडला, पण मुरलेला माणूस. “साधु!” तो गरजला. “देवी पपईत प्रकटली!” आणि लोकांनी माझ्या पपईपुढे कपाळ टेकलं. शपथ घेऊन सांगते, टेकलं! थोंगदीकाका दुसऱ्या तळहातावर शहाण्णव लिहीत होते. मी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात सिरिन डॉक्टर शांतपणे जेवणाच्या टेबलाशी गेली. कागदाचा गुंडाळा उचलला, दाबून बारीक केला, त्याला घड्याळ बांधलं आणि ध्वनिक्षेपकाजवळ उंच धरलं.

“अठ्ठ्याण्णव,” ती म्हणाली. “देवीपेक्षा एक जास्त. आता याला हार कोण घालतंय?”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग सगळा मांडव हसायला लागला. “आजान, आम्ही यानं तोंड पुसलं की हो! पाप लागेल का?” एका म्हातारीनं विचारलं.

“घड्याळाला ती शक्ती…” आजान सुरू झाला.

“आणि हो, तुमची शुद्धी,” डॉक्टर म्हणाली. “काका, या इकडे.” थोंगदीकाका ठणठणीत माणूस. तिनं त्यांचा हात बर्फात बुडवला, घड्याळ सैल बांधलं आणि हात हलवायला लावले. चौऱ्याऐंशी. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. “मी मेलो का ग?”

“नाही काका. हात थंड पडला की रक्त बोटांतून, मनगटातून मागे हटतं. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो. हात हलला की घड्याळ गोंधळतं. आता हात पुसा, चोळा, पट्टा घट्ट करा, हलू नका. मंत्र कोण म्हणतंय?”

“मी,” मी म्हटलं, आणि आजानच्याच सुरात सुरू केलं, “लसूण, मिरची, ताडगूळ, सोडे, शेंगदाणे, लिंबू, माशाचं पाणी, दे ठोका! लसूण, मिरची…”

सत्त्याण्णव. कोशिंबिरीच्या मंत्रानं! लोक पोट धरधरून हसले. मीही हसले. आणि मग माझं लक्ष ताईकडे गेलं. ती हसत नव्हती. ती केळीकडेही बघत नव्हती. मांडीवरच्या आपल्या रिकाम्या मनगटाकडे बघत होती.

डॉक्टर तिच्यापुढे जमिनीवर बसली. तिची गारठलेली बोटं तिनं आपल्या दोन्ही हातांत धरली.

“बघा! ही पण चोळतेय!” आजाननं संधी साधली.

“हो, चोळतेय,” डॉक्टर मागे न बघता म्हणाली. “गार बोटावर माझंही यंत्र खोटं बोलेल. म्हणून ऊब येईपर्यंत थांबायचं.” मग बोटाला लावायचा छोटा चिमटा तिनं ताईच्या बोटाला लावला. आम्ही वाट बघत राहिलो. आकडा वर गेला, खाली आला, मग एका जागी थांबला.

एक्क्याऐंशी.

“तुमच्या यंत्राला देवीचा स्पर्श नाही!” आजान ओरडला, पण आवाज चिरकला.

डॉक्टरनं चिमटा काढून कागदाच्या गुंडाळ्याच्या कडेला लावला. नुसत्या रेघा. पपईच्या देठाला लावला. रेघा. “याला समजलं नाही तर हे गप्प बसतं,” ती म्हणाली. “गप्प बसायचं कधी, हे तुमच्या घड्याळाला कळत नाही. आणि तुम्हालाही नाही.”

आता कुणी हसलं नाही. ताईचे ओठ सगळ्यांना दिसत होते. सकाळपासून दिसतच होते, पण बघितले कुणी नव्हते. सगळ्यांचे डोळे काचेवर.

“पिकुल,” ताई म्हणाली. श्वासाश्वासाला थांबत. “मला… भातच शिजवायचा होता ग. माझ्या हातानं.”

मला रडूच फुटलं. मी तिला शिव्या दिल्या, तिच्या गळ्यात पडले आणि मग दोघींनी मिळून यंत्राचा हार तोडला. थोंगदीकाकांनी आपली गाडी काढली. तालुक्याचे डॉक्टर नंतर म्हणाले की आणखी थोडा उशीर झाला असता तर गाठ पडली नसती.

आजान मागच्या फाटकानं पसार झाला. ध्वनिक्षेपक तेवढा विसरला. आता त्यावरून मी कोशिंबीर विकते. केळ व्याली, केळी पिकली, आम्ही खाल्ली आणि खोड कापून डुकरांना घातलं. लॉटरीत ना सत्त्याण्णव निघाला ना शहाण्णव. “एक्क्याऐंशी लावायला हवा होता,” थोंगदीकाका म्हणाले. “तोच काय तो खरा होता.” मी उलथणं उगारलं तेव्हा गप्प बसले.

घड्याळावर माझा राग नाही. ताई अजून ते बांधते, वेळ बघायला. तुम्हीही बांधा. ऑक्सिजन बघायचाच असेल तर हात उबदार असू द्या, पट्टा नीट बसू द्या, हलू नका, दोन-तीनदा बघा. आणि तरीही आकडा एक सांगतोय आणि समोरचं माणूस दुसरं, तर माणसावर विश्वास ठेवा. त्याचे ओठ बघा, बोलताना तो कितीदा थांबतो ते ऐका, आणि उचलून दवाखान्यात न्या. कुणी म्हणालं, यंत्र खोटं बोलत नाही, तर तेच यंत्र कागदाच्या गुंडाळ्याला बांधून बघा. एवढं करायला ना शिक्षण लागतं ना पुण्य. आधी तपासायचं, मग मानायचं.

सिरिन डॉक्टरनं ताईला लांब नळी मिळवून दिली. यंत्र आतल्या खोलीत, नळी अंगणातून थेट फाटकापर्यंत. भात मी माझ्या घरी वाफवते, विस्तव तिच्यापासून दूर. पहाटे टोपली नेऊन तिच्या मांडीवर ठेवते. भिक्खू येतात, आणि नाकात नळी असलेली माझी ताई स्वतःच्या हातानं त्यांच्या पात्रात भाताचा मुटका घालते.